एका हंगामाचा करार

नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही कागद नीट वाचले. एक रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात, दुसरा परदेशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या बास्केटबॉल क्लबचा करार, मुदत एकाच हंगामाची. खाली तुझा प्रश्न: ‘सर, काय करू?’ माझं मत मी सांगणारच आहे, पण आधी हा धंदा आतून कसा चालतो ते समजून घे. तुझ्या पिढीने तो मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या क्लिपांमध्येच पाहिलाय.

तुझ्या आजोबांच्या गावी सालदार ठेवतात ना? गुढीपाडव्याला साल ठरतं, वर्षभर त्या वावरात राबायचं, पुढच्या पाडव्याला मालकाने ठेवलं तर ठीक, नाहीतर दुसरं वावर. जगातले बहुतेक व्यावसायिक बास्केटबॉलपटू असेच सालावर खेळतात. खुद्द एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, ३० संघ आहेत, प्रत्येकाकडे नेहमीच्या कराराचे १५ खेळाडू आणि टू-वे कराराचे (एनबीए आणि तिची धाकटी जी-लीग, दोन्हींत खेळणारे) तीन. म्हणजे सगळ्या जगातून साधारण साडेपाचशे जण. त्यातही जानेवारीपासून दहा-दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाबरोबर असे दोन झाले की त्यांनी तुला उरलेल्या हंगामासाठी ठेवायचं, नाहीतर सोडायचं. दहा दिवसांच्या बोलीवर घर भाड्याने घेता येत नाही आणि पोरांना शाळेतही घालता येत नाही. असं जगून टिकलेली माणसं मला मोठ्या स्टारपेक्षा जास्त शिकवतात.

इश स्मिथ हे नाव ऐकलंयस? उंची सहा फूट. २०१० मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कोणीही निवडलं नाही. तरी तो एनबीएत १३ वेगवेगळ्या संघांकडून खेळला. एवढे संघ त्याआधी कोणाच्याच नावावर नव्हते. तेरावा संघ डेन्व्हर, आणि २०२३ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवलं. विचार कर, तेरा वेळा नवीन प्रशिक्षक, नवीन सेट प्ले (आधी ठरवलेल्या चाली), नवीन भिडू. हंगामाच्या मध्यात येऊन दोन दिवसांत सगळं पाठ करून तिसऱ्या दिवशी चार मिनिटांसाठी उतरायचं आणि त्या चार मिनिटांत चेंडू गमवायचा नाही. संघ अशा माणसाला पुन्हा पुन्हा बोलावतात.

पण तू अभ्यास करायचा तो पी. जे. टकरचा. कॉलेजात तो टेक्सासचा मोठा स्कोअरर, त्याच्या विभागातला २००६ चा सर्वोत्तम खेळाडू. टोरांटोने त्याला त्याच वर्षी ३५ व्या क्रमांकावर घेतलं आणि हंगाम संपायच्या आत सोडलं. कारण साधं होतं. बास्केटजवळ खेळायला तो उंचीने कमी पडत होता आणि बाहेरून मारायची त्याला सवय नव्हती. मग पाच वर्षं इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी. ही वर्षं त्याने रडत काढली नाहीत. २०१२ मध्ये फिनिक्सने परत बोलावलं तेव्हा तो पूर्वीचा स्कोअरर राहिला नव्हता. समोरच्या संघाच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला धरायचं आणि कॉर्नरमध्ये उभं राहून थ्री, म्हणजे दुरून तीन गुणांचा शॉट, मारायचा, एवढंच काम त्याने स्वतःकडे ठेवलं. त्या कामावर तो आणखी दहा वर्षांहून जास्त खेळला, आणि २०२१ मध्ये मिलवॉकीकडून विजेता झाला.

हे तुला का सांगतोय ते ओळखलं असशील. तू सहा फूट तीन इंच. नागपुरात तेवढी उंची दिसली की सातवीतल्या पोराला थेट बास्केटखाली उभं करतात, त्याला ड्रिबल शिकवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. शाळा, इंटर-युनिव्हर्सिटी, राज्य स्पर्धा, सगळीकडे तू पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळच, खेळलास आणि जिंकवलंस. परदेशात सहा-तीनचा माणूस गार्ड असतो, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा. तिथे पहिल्या सरावाला तुझ्यासमोर सहा-दहाचा उभा राहील आणि तुझा तो डाव्या खांद्यावरून वळून मारायचा शॉट, ज्यावर इथली पोट्टी टाळ्या वाजवतात, तो दर वेळी अडवेल. ही संधी घेऊन जातोयस, तर उद्यापासून दोनच गोष्टी कर. चेंडू हातात घेऊन दबावाखाली कोर्ट ओलांडणं, आणि कॉर्नर थ्री. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) कोर्टवर थ्रीची रेषा ६.७५ मीटरवर आहे, पण कॉर्नरमध्ये ती बाजूच्या रेषेला समांतर जाते, तिथे अंतर ६.६० मीटर भरतं. पंधरा सेंटिमीटर कमी अंतरावर तेवढेच तीन गुण मिळतात. दमलेल्या पायांनी, स्प्रिंट मारून आल्या आल्या तिथून शॉट घेत जा. ताज्या पायांनी सगळेच मारतात.

आणखी एक अडचण तुझ्या पासपोर्टची आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. तू तिथे गेलास की त्या मोजक्या जागांपैकी एक खातोस, आणि त्याच जागेसाठी अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांमधून निघालेली मुलं रांगेत असतात. आपले लोक या भिंतीला धडकलेत, काहींनी ती पारही केलीय. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतातून ड्राफ्ट झालेला तो पहिला, पण एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही. अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटीच्या जी-लीग संघात खेळला. २०१७ मध्ये अमृतपाल सिंगला ऑस्ट्रेलियातल्या सिडनी किंग्जने घेतलं आणि त्याच वर्षी विशेष भृगुवंशीला ॲडलेडने करार दिला. विशेष हा आपल्या काळातला भारताचा कर्णधार, ओएनजीसीत नोकरीला. त्याच्याकडे बघून नोकरी आणि खेळ एकमेकांचे वैरी नाहीत हे तुझ्या लक्षात यावं.

देशातल्या लीगवर मी अजून भार टाकायला सांगणार नाही. यूबीए ही लीग २०१५ मध्ये सुरू झाली, पुण्या-मुंबईचे संघही त्यात होते, २०१७ नंतर ती थांबली. २०२२ मध्ये आयएनबीएल या दुसऱ्या लीगचा फाइव्ह-ऑन-फाइव्ह (पाच विरुद्ध पाच) हंगाम सहा संघांनिशी सुरू झाला. संधी मिळाली तर जरूर खेळ, पण त्या पैशांवर घराचा हप्ता धरू नकोस.

आता कराराकडे येतो. रक्कम लिहिलीय, पण कर वजा करून की कर धरून, ते लिहिलेलं नाही. हे आधी विचार. राहायची जागा, जाण्या-येण्याचं तिकीट, दुखापत झाली तर उपचार आणि त्या काळातला पगार, हे प्रत्येक कलम वेगळं लिहून घे. फोनवर ‘हो हो, करू’ म्हटलेलं चालत नाही. सगळ्यात महत्त्वाचं कलम तुझ्या करारात नाहीच. पगार थकला तर वाद कुठे न्यायचा? फिबाने २००७ मध्ये यासाठी लवाद सुरू केला, बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल, जिनिव्हाला. तिथला निकाल क्लबने पाळला नाही तर त्याला नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते, म्हणून क्लब त्याला घाबरतात. पण करारात त्याचं कलम असेल तरच तो दरवाजा तुझ्यासाठी उघडतो. आपल्याच मैदानावरच्या एका पोराचा शेवटचा हप्ता एका क्लबने दिलाच नाही. कलम नव्हतं, त्यामुळे ईमेल पाठवत बसण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही.

एजंटकडे फिबाचं लायसन्स आहे का ते बघ. त्याचं कमिशन दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते तुझा पगार आल्यावर. आधी ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागितले तर तो फोन ठेवून दे. भारतीय महासंघाचं क्लिअरन्स पत्र जाताना लागेल. परत येताना तिकडच्या महासंघाचंही लागेल, ते हातात घेतल्याशिवाय विमानात बसू नकोस. नाहीतर इथली नॅशनल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, हुकेल.

नॅशनलचा मुद्दा रेल्वेशी जोडलेला आहे. स्पोर्ट्स कोट्यात वयाची मर्यादा २५ आणि त्यात सवलत नाही. जाहिरातीत तारीखही असते, तिच्याआधीची कामगिरी धरत नाहीत. म्हणजे तुझ्याकडे दोन-तीन वर्षं आहेत, त्यातलं एक तू परदेशात खर्च करणार, आणि त्या वर्षात सिनियर नॅशनल खेळला नाहीस तर परत आल्यावर दाखवायला ताजं सर्टिफिकेट नसेल. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून लागते, आणि तुझी सगळी प्रमाणपत्रं अजून प्लास्टिकच्या पिशवीत पडलीत. जायच्या आधी ते काम संपव. बी.कॉम.चा राहिलेला विषयही काढ.

तर माझं मत असं. लवादाचं, दुखापतीचं आणि नॅशनलसाठी सोडण्याचं, ही तीन कलमं लेखी आली तर जा. रेल्वेचा अर्ज भरून ठेव, पण ट्रायलची तारीख आड आली तर हंगाम निवड. बाविसाव्या वर्षी तुझे गुडघे सिमेंटच्या कोर्टवर वाढूनही शाबूत आहेत, तिशीत ते असतीलच असं मी म्हणू शकत नाही. लाकडी कोर्टवर, तुझ्यापेक्षा उंच आणि चपळ माणसांसमोर, रोज दोन वेळा सराव करायची संधी तुला इथे कोणीही देऊ शकणार नाही, मीसुद्धा नाही. पण तीनपैकी एक जरी कलम क्लबने नाकारलं, तर रेल्वेच्या ट्रायलला पूर्ण मनाने उतर. भारतीय रेल्वेचा संघ देशातल्या तगड्या संघांपैकी आहे, तिथे जागा मिळवणं म्हणजे मागे हटणं असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस.

गेलास तर मिळणाऱ्या पैशांतले चार महिन्यांचे बाजूला ठेव, कारण हंगाम आठ महिन्यांचा असला तरी पोट बारा महिने लागतं. आणि एप्रिल-मेमध्ये परत आलास की ४५ अंशांत दुपारी खेळायचं नाही, पहाटे साडेपाचला मैदानावर यायचं.

बाबांची काळजी मला समजते. त्यांना क्लबचं नाव ऐकून काही कळत नाही, आणि ‘वर्षभराचाच करार’ ऐकून झोप लागत नाही. रविवारी संध्याकाळी मी घरी येतो, त्यांच्याशी मी बोलेन. तोपर्यंत तू क्लबला त्या तीन कलमांचा ईमेल टाक, मला सीसी कर, आणि एजंटचा लायसन्स नंबर मागवून ठेव.

तुझे
सर