नवीन गाड्यांचं बोनेट जरा धडकलं की चेपतं, मग जुन्या दणकट गाड्याच सेफ ना?
नाही, पुढचा भाग मुद्दामच चेपेल असा बनवतात, पत्रा चुरगळण्यात धडकेची एनर्जी खर्च झाली की तुमच्यापर्यंत तेवढी कमी येते. हिशोब बघा, 50 च्या स्पीडला गाडी 10 सेंटीमीटरमध्ये थांबली तर सरासरी 98 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 98 पट झटका, तेच 60 सेंटीमीटर चेपत थांबली तर 16 च्या आसपास. बंपरमागच्या पोकळ मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या लांब दांड्याला, खाचा दिलेल्या असतात, म्हणजे ते मध्येच वाकत नाही, पेटीच्या भात्यासारखं घड्या पडत मिटतं. आयडिया मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनींची, कंपनीने 1959 मध्ये गाडीत आणली. फक्त केबिन कडकच लागते, आणि बेल्ट लावला नसेल तर गाडी थांबेल हो पण तुम्ही 50 नेच पुढे जाल.