तीच गोष्ट कितीदा वाचायची?

प्रश्न: नमस्कार सर, मी एम्बेडेडमध्ये काम करतो, सध्या लिनक्ससाठी एक कॅरेक्टर ड्रायव्हर लिहितोय. रिव्ह्यूमध्ये आमचे सिनियर म्हणाले, लूपमध्ये डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमधला काउंट दर फेरीला वाचतोयस, आधीच लोकल व्हेरिएबलमध्ये घे. मी म्हटलं ओ-टू (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन) लावलंय, कंपायलर करेलच की. ते नुसते हसले. मग मी रागात सगळीकडेच लोकल करून टाकलं, तर आता एक थ्रेड थांबायचं नावच घेत नाही. नक्की करायचं काय? – एक वाचक, पुणे

उत्तर: सिनियर हसले ते बरोबरच होतं, पण हसून झाल्यावर सांगायला हवं होतं हो. तुमचा लूप बफरमध्ये एकेक बाइट शून्य करतो ना, आता जरा कंपायलरच्या जागी बसून बघा, त्याला तो बफर नेमका कुठे आहे ते माहीतच नाही, समजा पॉइंटर फिरत फिरत त्या काउंटवरच आला तर एक बाइट लिहिला की काउंट बदलला, म्हणून बिचारा दर फेरीला काउंटही वाचतो आणि बफरचा पॉइंटरही. सी भाषेत कॅरेक्टर पॉइंटरला कुठेही जायची मुभा असतेच, वर लिनक्स कर्नल नो-स्ट्रिक्ट-एलियसिंग (वेगळ्या टाइपचे पॉइंटरही एकाच जागी जाऊ शकतात असं धरायला लावणारा कंपायलरचा पर्याय) लावून बिल्ड होतं, त्यामुळे टाइप वेगळा असला तरी कंपायलर रिस्क घेत नाही. मध्ये दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन कॉल केलं तरी तीच गत. काउंट बदलणार नाही हे तुम्हाला माहितीय, त्याला नाही. दोन्ही गोष्टी लोकलमध्ये घ्या आणि ऑब्जडंप काढून (म्हणजे तयार झालेला मशीन कोड) बघा, लूपमधले ते लोड, म्हणजे मेमरीतून वाचणं, गेलेले दिसतील.

पण म्हणून सगळीकडे हात मारत सुटू नका. एल-वन कॅशमधून (सीपीयूच्या सगळ्यात जवळच्या छोट्या मेमरीतून) वाचायला चार-पाच सायकल लागतात, तेवढ्यासाठी कोड कुरूप करण्यात अर्थ नाही. खरा मार बसतो तो डिव्हाइसमधून क्यू, क्यूमधून रिंग, रिंगमधून हेड अशी साखळी दरवेळी चढताना, कारण पहिलं वाचून झाल्याशिवाय दुसऱ्याचा पत्ताच कळत नाही आणि त्यात एखादा कॅश मिस झाला (हवं ते कॅशमध्ये नसलं) की शेकडो सायकल गेल्या. आधी परफ (वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल) लावा, मग ठरवा.

आता तो न थांबणारा थ्रेड. थांबायचा फ्लॅग दुसरा थ्रेड बदलतो आणि तुम्ही तो लूपच्या आधी एकदाच वाचून ठेवलात, मग त्याला कळणार कसं? तिथे परत परत वाचणं हेच काम आहे. कर्नलचा रीड-वन्स मॅक्रो लूपच्या आत लिहा (नाव जरा फसवं आहे, लूपमध्ये असेल तर दर फेरीला वाचतं, फक्त कंपायलरला तो रीड गाळता किंवा वाढवता येत नाही). केथ्रेड (कर्नलचा स्वतःचा थ्रेड) असेल तर केथ्रेड-शुड-स्टॉप आहेच. लॉक घ्यायच्या आधी वाचलेली व्हॅल्यूसुद्धा लॉक मिळाल्यावर परत वाचायची, तो रीड फालतू नाही.

आणि कॅरेक्टर ड्रायव्हर म्हणताय तर तुमचा आयओसीटीएल (युजरच्या प्रोग्रॅमकडून डिव्हाइससाठीच्या आज्ञा घेणारं फंक्शन) आजच उघडून बघा. युजरच्या स्ट्रक्चरमधून आधी लेंग्थ वाचली, तपासली, मग अख्खं स्ट्रक्चर परत कॉपी केलं आणि त्यातली लेंग्थ वापरली, असं आहे का? मधल्या वेळात युजरच्या दुसऱ्या थ्रेडने ती बदलली तर तुमची तपासणी गेली पाण्यात. ह्याला डबल फेच म्हणतात, इथे प्रश्न स्पीडचा नसून सिक्युरिटीचा आहे. एकदाच कॉपी करा, तपासायचं पण त्याच कॉपीवर आणि वापरायची पण तीच.

प्रश्न: कर्नलमध्ये एकाच फंक्शनमध्ये करंट (सध्या चालू असलेल्या टास्कचा पॉइंटर) चार वेळा वापरलं तर चार वेळा मेमरी वाचली जाते का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: सहसा नाही. एक्स-८६ वर करंट हा त्या सीपीयूच्या पर-सीपीयू भागातून (प्रत्येक सीपीयूसाठी वेगळी ठेवलेली मेमरी) येतो, पण तो असा लिहिलाय की कंपायलरला आधीची व्हॅल्यू रजिस्टरमध्ये धरून ठेवता येते. टास्क मध्येच दुसऱ्या सीपीयूवर गेला तर काय, असं तुम्ही विचाराल. जाऊ दे की, तिथे पोचल्यावर तिथला करंट पण तोच असणार ना! एआरएम-६४ वर तर तो एका सिस्टिम रजिस्टरमध्येच बसलेला असतो, मेमरीपर्यंत जायची वेळच येत नाही.