त्या तिरक्या पट्ट्या

पेणच्या एका मूर्तिकार वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत 74 टक्के. पीओपीच्या बंदी-परवानगीच्या खेळाला वडील विटलेत. चौकाचौकांत पुतळे उभे राहताना पाहून त्यांनी ठरवलंय, पोराने शिल्पकलेत बीएफएची पदवी घ्यायची आणि कारखाना गणपतीवरून ब्रॉन्झच्या पुतळ्यांवर न्यायचा. पोरगा म्हणतो, सिव्हिल इंजिनीअरिंग करतो. तर मी त्याची समजूत घालावी.

दादा, समजूत तुमचीच घालावी लागणार. दोन पानी पत्रात कारखाना आहे, कर्ज आहे, 'आमची चौथी पिढी' आहे. मुलाबद्दल एक ओळ, तीही तक्रारीची. गेल्या साली मंडळाची बारा फुटी मूर्ती डुगडुगत होती, तर डोळ्यांची आखणी अर्धी टाकून हा तासभर मूर्तीमागे बसून आतल्या चौकटीला तिरक्या पट्ट्या ठोकत होता. तुम्हाला ती टंगळमंगळ वाटली. मी ती ओळ तीनदा वाचली. अख्ख्या पत्रात तो मला तेवढाच भेटला.

'कलाकाराच्या पोटी जन्मून सिमेंट कालवणार का' हे वाक्य त्याला रोज जेवताना ऐकवत असाल, तर आजपासून बंद करा.

आणि गणपतीवर हात बसला की पुतळा जमलाच, हा समज तर फार महागात पडेल. गणपती मांडवात बसतो, जास्तीत जास्त दहा-बारा दिवस. पुतळा उघड्यावर पाऊस-वारा खात पिढ्यान् पिढ्या उभा राहायचा असतो. मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, तोवर समितीतला प्रत्येक जण मिशी नि नजर बदलून मागतो. मग साचा, मेण, ओतकाम, तुकड्यांचं वेल्डिंग. आणि आत कुणालाच न दिसणारा सांगाडा. घोडा असला तर सगळा भार बारीक पायांवर. तुमच्याच जिल्ह्यातल्या सासवण्याच्या शिल्पकार विनायकराव करमरकरांनी पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, तेव्हा तो एकसंध ओतायला माझगावची गोदी गाठावी लागली. 1928 साली अनावरण झालं, पुतळा अजून उभा आहे. मालवणच्या राजकोटावरचा महाराजांचाच 35 फुटी पुतळा डिसेंबर 2023 मध्ये उभा राहिला नि ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला. तेव्हा शिल्पकाराबरोबर स्ट्रक्चरल कन्सल्टंटलाही, म्हणजे सांगाड्याचं गणित बघणाऱ्या सल्लागारालाही, अटक झाली होती. चेहरा कितीही हुबेहूब साधा, आतलं गणित चुकलं की संपलं. ते गणित तुमच्या घरात कोणाला सुचतं, हे तुम्हीच लिहून कळवलंय!

प्रवेश परीक्षा दोन वेगळ्या: सिव्हिलला एमएचटी-सीईटी, बीएफएला एएसी सीईटी. अर्ज त्याचा त्याला भरू द्या. माझं मत विचाराल तर सिव्हिल, आणि पुढे गोडी टिकली तर स्ट्रक्चरमध्ये एमटेक. त्यातून तो पुतळ्यांकडे वळेलही. नाही वळला तर पूल बांधेल, तुमचं काय बिघडलं?

राहिले ब्रॉन्झचे पुतळे. ते स्वप्न तुमचं आहे, तर तुम्हीच बघा. कर्ज काढून भट्टी टाकण्याआधी एखाद्या चालू फाउंड्रीत सहा महिने उमेदवारी करा. हात तुमचाही चांगलाच असणार.

पुढचं पत्र मात्र मुलाला लिहायला सांगा. त्या पट्ट्या नेमक्या कुठे ठोकल्या, त्याची आकृतीही काढून पाठव म्हणावं.