६५ हजारांची दुरुस्ती करू की नवी गाडी घेऊ?

तुमचा प्रश्न असा: गाडी २०१३ ची, पेट्रोल हॅचबॅक, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, वर्षाचं रनिंग साधारण ८ हजार किलोमीटर. क्लच, सस्पेन्शन आणि चार टायर मिळून गॅरेजवाल्याने ६५ हजार सांगितले. विकायला गेलात तर गाडीचे सव्वा लाख येतील. एवढ्या गाडीत इतके पैसे घालावेत का, की ८ लाखांची नवी घ्यावी?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघू नका. बहुतेक जण तिथेच अडकतात. ६५ हजारांनंतरही गाडी सव्वा लाखालाच जाईल हे खरं, पण तुम्हाला ती विकायची नाही, चालवायची आहे. म्हणून पुढच्या पाच वर्षांत कोणत्या गाडीवर किती पैसे जातील, एवढंच मांडा.

आधी नवी गाडी. एक्स-शोरूम ८ लाख. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. विमा आणि रजिस्ट्रेशन धरून गाडी दारात उभी राहीपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ लाख होतात. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात चार वर्षं ओलांडली की गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे पाच वर्षांनी हातात चार लाखांचा माल. साधारण सव्वापाच लाख इथेच गेले. त्यात ७ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साडेचौदा हजारांचा आणि व्याज एक लाख ७० हजारांच्या वर. एकूण सात लाखांच्या आसपास.

मायलेज वाढेल म्हणाल, तर तेही धरू. जुनी १३ चा अॅव्हरेज देते, नवी १८ चा देईल आणि पेट्रोल १०० रुपये लिटर समजू. वर्षाला वाचतात १७ हजार, पाच वर्षांत ८५ हजार. गायमुख घाटाच्या ट्रॅफिकमध्ये तेवढेही वाचणार नाहीत. शिवाय वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ तुमच्या रस्त्यावरूनच जाते. ती सुरू होऊन ऑफिसला मेट्रोने जायला लागलात, तर रनिंग घटेल आणि ही बचतही.

आता जुनी. आजचे ६५ हजार, पुढची चार वर्षं दरवर्षी ३० हजार, वर गाडीची किंमत आणखी लाखभर उतरेल. पावणेतीन-तीन लाख. म्हणजे पेट्रोलची बचत वजा करूनही नवी गाडी तीन-साडेतीन लाखांनी महाग पडते. दिल्लीतल्या पेट्रोल गाड्यांच्या १५ वर्षांच्या बंदीची धास्ती असेल तर सोडा, तो नियम आपल्याकडे नाही. इथे १५ वर्षं झाली की फिटनेस करून, पर्यावरण कर भरून रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून मिळतं. तुमची वेळ २०२८ मध्ये येईल.

पण पैसे घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. खाडीकाठची दमट हवा आणि पावसाळ्यात साचणारं पाणी यांनी आपल्याकडे पत्रा लवकर सडतो. मॅट उचलून फ्लोअर बघा, स्टेपनी काढून त्याखालचा पत्रा बघा, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा हाताने चाचपा. तिथे पत्रा सडत असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल, तर एक रुपयाही घालू नका. पत्रा धड असेल तर दुरुस्ती करा, आणि त्यातच फ्युएल लाइनचे रबरी पाइप बदलून घ्या, कारण २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल धरून बनवलेल्या नाहीत.

गाडी बदलायला मला पटणारं खरं कारण एकच: सुरक्षा. तुमचं मॉडेल बेस व्हेरियंट असेल तर त्यात ना एअरबॅग असतील ना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. आपल्याकडे एबीएस २०१९ मध्ये सक्तीचं झालं, आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सगळ्या गाड्यांत २०२२ पासून. घोडबंदरवर रात्री कंटेनरच्या रांगेतून मुलांना घेऊन जात असाल, तर साडेतीन लाखांचा हिशोब मी तुमच्यापुढे धरणार नाही. बदला. मात्र तेव्हाही शोरूमच्या आधी २०२२ किंवा त्यानंतरची, एका मालकाची, एमएच-०४ म्हणजे ठाणे पासिंगची वापरलेली गाडी शोधा. सुरुवातीची मोठी घसरण आणि रोड टॅक्स पहिल्या मालकाने सोसलेला असतो, एअरबॅग तुम्हाला मिळतात.

जुनी विकताना दोन गोष्टी सोडू नका. आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करा, नाहीतर चलनं तुमच्या नावावर येत राहतील. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.