वाचताना गाणी लावावीत का? उत्तर कामाच्या प्रकारावर अवलंबून आहे

राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करताना अभ्यासिकेतील कुजबुज टाळण्यासाठी आपण हेडफोनवर हिंदी गाणी लावता, त्यामुळे बसायला उत्साह येतो, परंतु वाचलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि हा दोष गाण्यांचा की एकाग्रतेचा, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते दोष बहुतांशी गाण्यांतील शब्दांचा आहे. आपल्याला जाणवलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांत विसंगती नाही, कारण उत्साह वाटणे आणि लक्षात राहणे या वेगवेगळ्या बाबी आहेत.

आपण मनात वाचतो तेव्हाही शब्द आतल्या आत उच्चारले जात असतात. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या (हातातल्या कामापुरती माहिती थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या) प्रतिमानात या आतल्या उच्चाराला स्वतंत्र स्थान आहे, आणि कानावर पडणारे बोलणे, आपली इच्छा असो वा नसो, तिथेच शिरते. त्यामुळे राज्यघटनेची कलमे क्रमाने पाठ करताना गाण्याचे बोल थेट त्याच कामात अडथळा आणतात. अनोळखी भाषेतील गाणी लावण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण अर्थ न कळणारे बोलणेही क्रमाने लक्षात ठेवण्याच्या कामात व्यत्यय आणते, असे प्रयोगांत वारंवार आढळले आहे.

आवडीच्या गाण्यांनी त्रास होत नाही, ही समजूतही टिकत नाही. निक पेरहॅम आणि जोआन व्हिझार्ड यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायचा होता. त्यात आवडते संगीत आणि नावडते संगीत या दोहोंनी शांततेच्या तुलनेत कामगिरी सारखीच खालावली, मात्र एकच शब्द पुन्हापुन्हा ऐकवल्यावर तसे झाले नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण अडचण आवाज असण्यापेक्षा तो सतत बदलत राहण्यात आहे, हे त्यावरून दिसते. म्हणूनच कुजबुज झाकण्यासाठी काही लावायचेच असेल, तर मी तानपुऱ्याचा आवाज सुचवेन. मोबाइलवर तानपुऱ्याची ॲप सहज मिळतात, एक स्वर निवडून आवाज अगदी मंद ठेवावा, आणि थोड्या वेळात कान त्याची दखल घेणे सोडून देतो. सतार किंवा बासरी चालेल, परंतु विलंबित आलापापुरतीच. सतारीवर ‘झाला’ (वादनाचा अखेरचा जलद भाग) सुरू होताच लय आणि आवाज दोन्ही चढतात, आणि शब्द नसले तरी जलद व मोठ्या आवाजातील संगीताने उताऱ्याचे आकलन घटते, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसून आले आहे. पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये बरेच प्रश्न उताऱ्यांवर असल्यामुळे आपण हे विशेष लक्षात घ्यावे. अर्थात फोमचे साधे इअरप्लग मिळाले, तर वाचनासाठी तेच सर्वांत चांगले.

पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टचे संगीत ऐकून बुद्धी वाढते, असेही आपल्याला कोणी सांगेल. १९९३ च्या मूळ प्रयोगात अवघे ३६ विद्यार्थी होते, त्यांनी दहा मिनिटे संगीत ऐकून नंतर अवकाशीय तर्काचे प्रश्न सोडवले, आणि दिसलेला फायदा काही मिनिटांतच ओसरला. पुढे या फायद्याचे श्रेय प्रसन्न व तरतरीत मनःस्थितीला देण्यात आले. त्यातून आपल्या उपयोगाची गोष्ट एवढीच, की आवडती गाणी अभ्यासाला बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटे मनापासून ऐकावीत आणि पुस्तक उघडताना बंद करावीत. उत्साह मिळतो आणि स्मरणाला धक्का लागत नाही. नकाशे रंगवणे, वर्तमानपत्रांतील कात्रणे विषयवार लावणे, वेळापत्रक आखणे अशा कामांत मात्र गाणी खुशाल चालू ठेवावीत, कारण तिथे कंटाळा हीच मोठी अडचण असते.

परीक्षा जवळ आली की सराव प्रश्नपत्रिका तानपुऱ्याविनाही सोडवू लागा, कारण परीक्षागृहात हेडफोन नसेल आणि पंख्याची घरघर, पर्यवेक्षकांची पावले, शेजारच्याचे पान उलटणे हे सर्व ऐकू येत असतानाच आठवावे लागेल. तोवर आठवडाभर एक दिवसाआड गाण्यांसह आणि गाण्यांशिवाय सारख्याच काठिण्याचे प्रकरण वाचा, दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता त्यातील मुद्दे लिहून काढा, आणि दोन्ही प्रकारच्या दिवसांचे कागद शेजारी ठेवून पाहा.