ट्राम की बस हे नंतर ठरवा, आधी लेनचं बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. वीस मिनिटं बस येत नाही आणि मग दोन एकदम येतात ते का, आणि त्याऐवजी ट्राम आणली तर हे थांबेल का.

पहिल्यात ड्रायव्हरचा दोष फार कमी वेळा असतो. एखादी बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या स्टॉपवर गर्दी जास्त, मग चढायला उतरायला वेळ जास्त, म्हणून ती अजून लेट, आणि तिच्या मागचीला स्टॉप रिकामे मिळतात म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. टाइमटेबलात दर १० मिनिटांनी बस आहे ना, आहेच, पण प्रत्यक्षात १८ मिनिटांची गॅप आणि मग २ मिनिटांची असं व्हायला लागलं की बस तेवढ्याच राहून वाट बघायचा सरासरी वेळ ५ वरून ८ मिनिटांच्या वर जातो, कारण बहुतेक माणसं त्या मोठ्या गॅपमध्येच स्टॉपवर येतात. रिपोर्टात मात्र तासाला ६ बस, सगळं आलबेल!

सगळ्या दारांनी चढू देणं, तिकीट आधीच काढलेलं असणं याने फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे बससाठी वेगळी लेन आणि सिग्नलला तिला आधी सोडणं. लेन म्हटलं की लोकांना फक्त स्पीड दिसतो. जरा हिशोब करा, जाऊन येऊन १२० मिनिटांची फेरी असेल तर दर १० मिनिटांनी बस द्यायला १२ गाड्या लागतात. लेनमुळे फेरी १०० मिनिटांत झाली तर त्याच १२ गाड्या साधारण सव्वाआठ मिनिटांनी एक देतात, नवीन गाडी एकही न घेता.

आता ट्राम. ती कारच्या रांगेत उभी केलीत तर बसपेक्षा वाईट, रुळावर कोणी गाडी लावून गेला तर बाजूने काढतासुद्धा येत नाही. टोरांटोत किंग स्ट्रीटवर हेच चालायचं, २०१७ मध्ये त्यांनी नवे रूळ वगैरे काही टाकले नाहीत, बहुतेक चौकांत कारना सरळ जायची बंदी केली आणि ट्रामची वाट मोकळी झाली. झुरिकच्या लोकांनी तर १९७३ मध्ये मतदानात भुयारी रेल्वे नाकारली आणि १९७७ मध्ये ट्राम-बसला वाट मोकळी करून द्यायला २० कोटी फ्रँक मंजूर केले (मला हा किस्सा फार आवडतो).

ट्राम लागते कधी, तर दर दोन-तीन मिनिटांनी बस सोडूनही माणसं मागे राहतात तेव्हा. बुडापेस्टच्या ४ आणि ६ नंबरच्या मार्गांवर ५४ मीटर लांबीच्या ट्राम आहेत, साधी बस १२ मीटर, आणि ड्रायव्हर दोन्हीकडे एकच.

ट्रेन लांब पल्ल्याला, त्यात वाद नाही. पण स्टेशनवर उतरून बससाठी पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि वर दुसरं तिकीट, तर कोण येणार? झुरिकला १९९० मध्ये एस-बान (म्हणजे तिथली लोकल ट्रेन) सुरू झाली तीच सगळ्यांना चालणाऱ्या एका तिकिटासकट.

तुमच्याकडे ट्रामवर चर्चा ठेवलीच आहे तर आत्ताच्या बसचा जीपीएस डेटा मागा, कुठल्या चौकात किती मिनिटं जातात ते बघा, आणि तिथे ट्रामला स्वतंत्र जागा मिळणार का एवढंच नकाशावर दाखवायला सांगा.