एकच कॉकटील ठेवावा की जोडी?

वाचकांचे प्रश्न : घरातील पक्षी

प्रश्न : आम्ही नागपुरात मनीषनगर भागात सदनिकेत राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीच्या हट्टामुळे करड्या रंगाचा एक कॉकटील आणला. तेव्हा तो जेमतेम दोन महिन्यांचा होता. आता आठ महिन्यांचा झाला असून चेहरा पिवळाधमक दिसतो, शिट्ट्या वाजवतो आणि मुलीच्या खांद्यावर बसतो. सुट्टीत सगळे ठीक होते, पण जूनअखेर शाळा सुरू झाल्यापासून आम्ही सकाळी बाहेर पडलो की तो जो ओरडायला लागतो, तो बराच वेळ थांबत नाही. शेजाऱ्यांनीही एकदा विचारणा केली. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो, सासूबाई मात्र घरीच असतात. पिंजरा मुलीच्या खोलीत आहे. दुकानदार म्हणतो, ‘एकटा आहे म्हणून ओरडतो, मादी घेऊन जा, जोडी लावून टाका.’ सासूबाईंचे म्हणणे असे की, जोडी झाली की तो आपल्याला विचारणारही नाही. शिवाय त्यांना हिवाळ्यात खोकल्याचा त्रास होतो. मुलगी तर दुसऱ्या पक्ष्याचे नाव ठरवून बसली आहे. काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दुकानदाराचे निदान अर्धे बरोबर आहे, पण त्याने सुचवलेला उपाय आज तरी आपल्या घराच्या सोयीचा नाही, असे माझे मत आहे.

कॉकटील हा काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, जिकडे पाणी आणि गवताचे बी मिळेल तिकडे थव्याने भटकणारा. थव्यातला एखादा पक्षी नजरेआड झाला की बाकीचे त्याला हाक मारतात आणि तो उत्तर देतो. उत्तर आले नाही तर हाक अधिक मोठी होते. आपण सकाळी दार ओढून घेतल्यावर तो ओरडतो, ती बहुतांशी हीच हाक आहे. थव्यातले तीन जण एकदम नाहीसे होतात आणि कोणीच ओ देत नाही, एवढेच त्याला कळते.

पत्रात आपण सहज लिहून गेलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, ती म्हणजे पिंजरा मुलीच्या खोलीत आहे. सासूबाई दिवसभर घरात असूनही पक्ष्याच्या दृष्टीने ते घर सकाळपासून दुपारपर्यंत रिकामेच असते. दुसरा पक्षी आणण्याआधी पिंजरा हॉलमध्ये हलवावा. एक बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे त्याला पाठीमागून सुरक्षित वाटते. उंची साधारण माणसाच्या छातीइतकी असावी. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ नये आणि स्वयंपाकघर जवळ नसावे, कारण नॉनस्टिकचे भांडे चुकून फार तापले तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. सासूबाईंनी दिवसभर त्याच्याशी खेळत बसावे, अशी अपेक्षा नाही. भाजी निवडताना, टीव्ही पाहताना त्या त्याला दिसत राहिल्या आणि त्याने शिट्टी वाजवल्यावर जागेवरूनच एखादी ओ दिली, तरी पुष्कळ झाले. मात्र तो किंचाळत असताना कोणी धावत जाऊ नये. किंचाळी थांबल्यावर किंवा शिट्टीवर उत्तर द्यावे, नाहीतर किंचाळले की माणूस येतो, हा धडा तो लगेच शिकतो. आपण निघण्याच्या पाच मिनिटे आधी कांगणीचे (राळ्याचे) एखादे कणीस साध्या कागदात सैल गुंडाळून पिंजऱ्यात अडकवून द्यावे. ते फाडून दाणे काढण्यात तो गुंतला की निरोपाची वेळ बरीच शांततेत जाते.

आता एकटेपणाविषयी. एकट्या पक्ष्याला कोणत्या गोष्टीची उणीव भासते, हे पिसे झडण्याच्या दिवसांत नीट दिसते. नवे पीस बाहेर येताना पांढरट, टोकदार आवरणात गुंडाळलेले असते. पाठीवरची, पंखांवरची आवरणे पक्षी स्वतःच्या चोचीने सोलून काढतो, पण डोक्यावर आणि मानेवर चोच पोहोचत नाही. जोडीत असलेला पक्षी अशा वेळी दुसऱ्यासमोर मान खाली घालून उभा राहतो आणि दुसरा एकेक आवरण अलगद कुरतडून देतो. एकटा पक्षी तीच मान माणसापुढे झुकवतो. आपल्या मुलीने संध्याकाळी बोटाच्या टोकाने, पिसांच्या दिशेला आडवे, हलके चोळून ती आवरणे मोकळी करावीत; वाळलेली आवरणे पांढरी भुकटी होऊन गळतात. ज्यांच्या मुळाशी अजून गडद रंग दिसतो ती दुखतात, त्यांना हात लावू नये. दररोज अर्धा-पाऊण तास अशी जवळीक आणि पिंजऱ्याबाहेर तास-दोन तास हिंडणे मिळाले, तर एकटा कॉकटील माणसांच्या थव्यात उत्तम राहतो. तो स्वतःची पिसे उपटू लागला, खाणे कमी झाले किंवा तासन्‌तास एकाच जागी झुलत राहिला, तर मात्र ते साध्या हाकेच्या पलीकडचे आहे आणि आधी पशुवैद्यांना दाखवले पाहिजे, कारण यातील काही लक्षणे आजाराचीही असतात. आरसा लावून सोबतीची सोय करण्याच्या फंदात पडू नये. नर त्या प्रतिबिंबालाच जोडीदार समजून त्याला खाऊ भरवू पाहतो आणि आरशाजवळ आलेल्या हाताला चावतो.

सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही. जोडीतल्या पक्ष्यांना एकमेकांची सोबत असल्यामुळे त्यांची माणसाकडची ओढ कमी होऊ शकते, शिट्ट्यांची नक्कलही कमी होते. परंतु आधीपासून माणसाळलेला पक्षी सगळे विसरून जातो, असे होत नाही. रोज थोडा वेळ त्याला वेगळे घेऊन बसल्यास माया टिकते, आणि नवा पक्षीही त्याचे पाहून धीट होतो.

माझा खरा आक्षेप ‘मादी घेऊन जा’ या सल्ल्यावर आहे. नर-मादी एकत्र ठेवली की पुढचा प्रश्न अंड्यांचा. मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, दोघे आळीपाळीने सुमारे तीन आठवडे उबवतात, आणि पिल्ले महिन्याभराची झाल्यावर त्यांना ठेवायचे कुठे, हे दुकानदार सांगत नाही. घरात दिवे रात्रीपर्यंत लागलेले, खाणे मुबलक, ऊब कायम, अशा स्थितीत मादी एकामागून एक अंडी घालत राहते. तिच्या हाडांतील कॅल्शियम त्यात खर्च होते, आणि अंडे अडकले तर पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली मादी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न नेल्यास दगावू शकते. शिवाय आपला नर जेमतेम आठ महिन्यांचा आहे. दीड वर्षाच्या आत पक्ष्यांना प्रजननाला लावू नये. त्याच दुकानातली मादी त्याची बहीण असण्याचा संभवही राहतोच.

खोकल्याचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन. कॉकटीलच्या अंगावर पिठासारखी भुकटी सुटते. काळ्या कपड्यावर बसवल्यास ती लगेच दिसते. दोन पक्षी म्हणजे दुप्पट भुकटी. सासूबाई ज्या डॉक्टरांकडे जातात त्यांना घरात पक्षी आहे हे आवर्जून सांगावे, कारण हे न सांगितल्यास खोकल्याचे कारण शोधताना ते निसटून जाते. हॉलमध्ये पिंजरा खिडकीच्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेपासून दूर ठेवावा, आसपासची फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, आणि पक्ष्याला आठवड्यातून दोन-तीनदा उथळ भांड्यात अंघोळ घालू द्यावी. मुलीची झोपण्याची खोलीही यामुळे भुकटीमुक्त होईल. डॉक्टरांनी पक्ष्याचा संबंध दाखवला, तर दुसरा पक्षी आणण्याचा विषय तिथेच संपतो, आणि पहिल्याबद्दलही त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे लागेल.

तेव्हा सध्या एकच ठेवावा, पिंजरा हलवावा आणि दिवाळीची धामधूम सरल्यावर महिना-दीड महिना पाहावे. एवढे करूनही तो दिवसभर अस्वस्थ राहिला आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर दुसरा नर आणावा. दोन नर सहसा चांगले नांदतात. नवा पक्षी निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा. आधी जुन्याला आणि मग नव्याला खाणे द्यावे, मधे हात धुवावेत. त्यानंतर काही दिवस दोन पिंजरे शेजारी-शेजारी ठेवून, दोघांना पहिल्यांदा मोकळे सोडायचे ते पिंजऱ्याबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागी. मुलीने ठरवलेले नाव तोवर राखून ठेवता येईल.

प्रश्न : आम्ही बेसा परिसरात राहतो. पती-पत्नी दोघेच आहोत आणि सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत घराला कुलूप असते. बोलणारा पक्षी हवा म्हणून एकच कॉकटील घेण्याचा विचार आहे, कारण जोडी बोलत नाही असे ऐकले. एकच घ्यावा ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. आपल्या वेळापत्रकात दोन पक्षी घ्यावेत, किंवा एकही घेऊ नये. दिवसाचे अकरा तास रिकाम्या घरात आणि नंतर लगेच झोपेची वेळ, असे आयुष्य थव्यात राहणाऱ्या पक्ष्यावर लादू नये. आणि नीट सांभाळलेला कॉकटील पंधरा-वीस वर्षे जगतो, हे लक्षात घ्यावे. बोलण्याची हौस असेल तर अपेक्षा आधीच आवरती घ्यावी. कॉकटील शब्दांपेक्षा शिट्ट्यांत रमतो, तेही मुख्यतः नर. मादी सहसा अबोल असते.

दोन घेतल्यास एकाच ठिकाणचे, एकत्र वाढलेले दोन तरुण नर घ्यावेत. अडचण अशी की पहिल्यांदा पिसे झडण्यापूर्वी, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, नर-मादी सारखेच दिसतात. पुढे करड्या जातीत नराचा चेहरा पिवळा होतो आणि मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे राहतात. पिवळसर-पांढऱ्या ल्युटिनो जातीत हे पट्टे फिकट पिवळे असल्याने उजेडासमोर धरूनच कळतात. दुकानात ‘जोडी’ म्हणून मिळणारी पिल्ले बहुधा अंदाजाने लावलेली असतात. खात्री हवी असल्यास पिसावरून डीएनए तपासणी करून घेता येते. पिंजरा निदान तीन फूट रुंद असावा, गजांमधील अंतर अर्ध्या ते पाऊण इंचापेक्षा अधिक नसावे आणि खाण्या-पाण्याची भांडी प्रत्येकाची स्वतंत्र असावीत. दोघांचे वजन आठवड्यातून एकदा, सकाळच्या खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घेऊन लिहून ठेवावे. साधारण ८० ते १०० ग्रॅमच्या या पक्ष्याचे वजन आठ-दहा ग्रॅमने उतरले, तर तो वरकरणी ठणठणीत दिसत असला तरी डॉक्टरांकडे न्यावे. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, आणि दोघे एकाच पिंजऱ्यात असताना कोण खातो नि कोण नुसता दाणे चिवडतो, हे नुसते पाहून कळत नाही.

मला आपल्याबाबत अधिक काळजी वाटते ती मे महिन्याची. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि घरात कोणी नसताना दुपारी दोनला कूलरची टाकी कोरडी पडली किंवा वीज गेली तर बंद खोलीतील दोन पक्ष्यांचे काय होईल, याचे उत्तर पक्षी आणण्यापूर्वी आपल्याजवळ हवे. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची सुरुवात असते. ती पाहायला घरात कोणीतरी हवे. दुपारी एकदा डोकावून जाईल असा शेजारी किंवा नातेवाईक ठरलेला नसेल, तर मी आपल्याला पक्षी घेण्याचा सल्ला देणार नाही, एक नाही आणि दोनही नाहीत.

प्रश्न : आमच्या एकट्या कॉकटीलला सोबत म्हणून लव्हबर्ड चालेल का? झाडावरून पडलेले हिरव्या पोपटाचे एक पिल्लूही आमच्याकडे आले आहे, ते त्याच्याबरोबर वाढवता येईल का?

उत्तर : लव्हबर्ड आकाराने लहान असला तरी स्वभावाने आक्रमक असतो आणि कॉकटीलच्या पायाची बोटे चावून जखमी करतो, एका पिंजऱ्यात ठेवू नये. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार घरात पाळता येत नाही, मग ते पिल्लू असो वा जखमी पक्षी. ते पिल्लू खोक्यात, उबेत ठेवून वन विभागाच्या सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये (वन्यजीव उपचार केंद्रात) शक्य तितक्या लवकर पोहोचवावे, आणि तोपर्यंत त्याला दूध-पोळी भरवू नये.